व्यवसायाचे समर्थन कोणापुढे? तंजावरच्या कलावतींची साक्ष



‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण मराठी मुलखात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. काळाने तिचा क्रम पुरता उलटा केला. परंतु व्यवसायांना उत्तम, मध्यम, कनिष्ठ अशा पायऱ्यांवर बसविण्याची समाजाची सवय मात्र गेली नाही. दोन अनोळखी माणसे भेटली, की नाव-गाव विचारून होताच तिसरा प्रश्न येतो, ‘आपण काय करता?’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देऊन मोकळा होणारा माणूस भाग्यवान म्हणावा. कित्येकांना मात्र त्या एका शब्दापुढे चार वाक्ये जोडावी लागतात. आपले काम खरोखर काम आहे, ते कोणाच्या तरी उपयोगाचे आहे आणि ते करणारा माणूस प्रतिष्ठित आहे, हे त्यांना पटवून द्यावे लागते. ज्याला हे पटवून द्यावे लागते, त्याच्या मनावर त्या चार वाक्यांचे ओझे राहते.

हीरक महोत्सवाच्या निमित्ताने एका शाळेचे विद्यार्थी एकत्र जमतात तेव्हा हा प्रश्न सभामंडपात शेकडो वेळा विचारला जातो. कोण डॉक्टर झाला, कोण अभियंता, कोण परदेशी गेला, याची चौकशी होते. नाटक मंडळीत रंगभूषा करणारा, दशावतारात उभा राहणारा, घर सांभाळणारी, स्मशानात सेवा करणारा असे विद्यार्थीही याच बाकांवर बसून गेलेले असतात. ते बहुधा मंडपाच्या कडेला उभे राहतात. म्हणूनच या प्रसंगी व्यवसायाचे समर्थन म्हणजे काय, ते कोणी मागावे, कोणी द्यावे आणि कोणत्या भाषेत द्यावे, याचा विचार करणे अस्थानी ठरू नये. या विचारासाठी मराठी माणसाच्या इतिहासातीलच एक दूरचे दालन उघडावे लागेल. ते दालन म्हणजे कावेरीकाठचे तंजावर.

शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७६ च्या सुमारास तंजावरात राज्य स्थापिले आणि पुढे १८५५ पर्यंत, म्हणजे सुमारे एकशे ऐंशी वर्षे, तेथे भोसले कुळाची गादी राहिली. या राजांनी मराठी राखली, पण तेलुगू, तमिळ आणि संस्कृत यांना परके मानले नाही. शहाजीराजांनी अनेक भाषांत नाटके रचली. तुळजाराजांच्या नावावर ‘संगीतसारामृत’ हा संस्कृत ग्रंथ आहे. सरफोजीराजांनी सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध केले आणि ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाट्यरचनेत पृथ्वीचा भूगोल गुंफला. याच सरफोजीराजांच्या दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार बंधू होते. आज भरतनाट्यम म्हणून जगभर ओळखल्या जाणाऱ्या नृत्याच्या कार्यक्रमाचा क्रम, म्हणजे अलारिप्पु, जतिस्वरम, शब्दम, वर्णम, पदम, तिल्लाना, यांची घडी प्रामुख्याने या चौघांनी बसविली असे मानले जाते.

ही कला ज्या स्त्रियांच्या देहातून आणि कंठातून जिवंत राहिली त्यांचा व्यवसाय मात्र दरबारापेक्षाही जुना होता. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात चोळ सम्राट राजराजाचा एक शिलालेख आहे. त्यात मंदिराच्या सेवेसाठी वसविलेल्या सुमारे चारशे नर्तकींची नोंद आहे. तिचे नाव, ती कोणत्या गावच्या कोणत्या देवळातून आली, तिला कोणत्या रस्त्यावरचे कितवे घर दिले, हे सारे दगडावर कोरलेले आहे. प्रत्येकीच्या वाट्याला एक घर आणि वर्षाला शंभर कळम भात असे वेतन होते. एक हजार वर्षांपूर्वीच्या त्या नोंदीत समर्थनाचा एकही शब्द नाही. कामाची गरज होती, काम करणारी होती, वेतन ठरलेले होते. पगारपत्रकात जेवढी कोरडी प्रतिष्ठा असते तेवढी त्या दगडावर आहे.

अठराव्या शतकाच्या मध्यास, प्रतापसिंहराजांच्या कारकिर्दीत (१७३९ ते १७६३), तंजावरच्या दरबारात मुद्दुपळणी नावाची एक गणिका होती. ती तेलुगू आणि संस्कृत जाणणारी विदुषी, गायिका आणि कवयित्री होती. तिने ‘राधिका सांत्वनमु’ हे शृंगारकाव्य तेलुगूत लिहिले. काव्याच्या आरंभी कवीने आपला वंश सांगावा, असा त्या काळचा संकेत होता. पुरुष कवी बाप, आजा, पणजा यांची नावे सांगत. मुद्दुपळणीने आपल्या घराण्यातील स्त्रियांची नावे सांगितली. तिची आजी तंजनायकी हीसुद्धा दरबारात मानाचे स्थान असलेली स्त्री होती. एवढ्यावर न थांबता आपल्या विद्वत्तेविषयी आणि आपल्याला विद्वानांनी दिलेल्या मानाविषयीही तिने तेथे मोकळेपणाने लिहिले. तिच्या लिखाणात क्षमायाचनेचा सूर नाही. राजसभेत बसणाऱ्या एखाद्या पंडिताने आपली ओळख जशी द्यावी तशी तिने ती दिली.

या आत्मविश्वासाचे कारण केवळ तिच्या स्वभावात शोधू नये. तिला विचारणारे आणि तिचे ऐकणारे एकाच सभेत होते. तिच्या कामाची पारख असणारा राजा, पंडित आणि रसिक हेच तिचे न्यायाधीश होते. ज्याला आपल्या कामातले काही कळते अशा माणसापुढे कोणालाही समर्थन करावे लागत नाही. त्याच्यापुढे फक्त काम ठेवावे लागते.

१८५५ मध्ये, शिवाजीराजांच्या मृत्यूनंतर पुरुष वारस नाही या कारणावरून, तंजावरचे संस्थान कंपनी सरकारने बुडविले. संस्थान जाते तेव्हा केवळ राजा जात नाही. पिढीजात नेमणुका, बिदागी, उत्सव आणि जाणकारांची सभा हेही जाते. तंजावरचे अनेक कलावंत पोट भरण्यासाठी मद्रासकडे वळले. तेथे त्यांचे आश्रयदाते बदलले: जमीनदार, दुभाषे, व्यापारी, नवे वकील. आणि त्यांच्या पाठोपाठ एक नवा प्रश्नकर्ताही आला, तो म्हणजे इंग्रजी शिकलेला सुधारक. १८९३ च्या सुमारास मद्रासच्या समाजसुधारकांनी गव्हर्नर आणि व्हाइसरॉय यांना निवेदन दिले, की ज्या समारंभांत नर्तकींचा नाच असतो तेथे त्यांनी जाऊ नये. त्या वेळी सरकारने ती विनंती मानली नाही. परंतु वारे कोणत्या दिशेने वाहू लागले ते स्पष्ट झाले. जी स्त्री दरबारात ‘कोणाची शिष्या, कोणत्या घराण्याची’ या प्रश्नाला उत्तर देत होती, तिला आता ‘तू हे का करतेस?’ या प्रश्नाला तोंड द्यावे लागले. पहिल्या प्रश्नात कामाविषयीचे कुतूहल होते. दुसऱ्यात आरोप होता.

या दुसऱ्या प्रश्नाला ज्या स्त्रीने आयुष्यभर उत्तर दिले तिचे नाव बंगळूर नागरत्नम्मा. त्यांचा जन्म १८७८ मध्ये म्हैसूरजवळील नंजनगूड येथे देवदासी परंपरेतील घराण्यात झाला. त्या संस्कृत शिकल्या, संगीतात त्यागराजांच्या शिष्यपरंपरेपर्यंत पोहोचल्या आणि मद्रासेत स्थायिक होऊन विसाव्या शतकाच्या आरंभी दक्षिणेतील अग्रगण्य गायिकांत गणल्या जाऊ लागल्या. मुद्दुपळणीच्या काव्याची एक छापील प्रत त्यांच्या हाती आली. ती १८८७ मध्ये छापलेल्या आवृत्तीची परंपरा होती. पुढे मूळ हस्तलिखित पाहता त्यांच्या ध्यानी आले, की छापील पुस्तकात काही पद्ये गाळली आहेत. आणि त्याहून विशेष म्हणजे कवयित्रीने स्वतःची ओळख सांगितलेला आरंभीचा भागच नाही. ज्या स्त्रीने आपण कोण हे अभिमानाने सांगितले, तिचे ते सांगणेच संपादकाच्या हातून नाहीसे झाले होते.

नागरत्नम्मांनी १९१० मध्ये मद्रासच्या वाविळ्ळ प्रकाशनसंस्थेकडून ते काव्य पूर्ण रूपात प्रसिद्ध केले. त्याला त्यांनी स्वतः प्रस्तावना लिहिली. तेलुगू प्रबोधनाचे अग्रणी आणि विधवाविवाहाचे पुरस्कर्ते कंदुकूरि वीरेशलिंगम पंतुलु यांनी तेलुगू कवींच्या चरित्रग्रंथात मुद्दुपळणीची निर्भर्त्सना केली होती. हे काव्य स्त्रीच्या तोंडी शोभत नाही, असा त्यांच्या टीकेचा रोख होता. नागरत्नम्मांनी प्रस्तावनेत नेमक्या ठिकाणी बोट ठेवले: लज्जा हा गुण केवळ स्त्रीसाठीच आहे काय? पुरुष कवींनी याहून उघडा शृंगार लिहिला आणि तो पाठ्यपुस्तकांत शिरला, स्वतः टीकाकारांनीही तसे एक काव्य तपासून छापू दिले, मग दोष नेमका काव्यात आहे की कवयित्रीच्या जन्मात?

या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. कारवाई मात्र झाली. १९११ मध्ये ग्रंथ अश्लील ठरवून सरकारने त्यावर बंदी आणली. अनेक पंडितांनी विरोध नोंदविला, तरी बंदी टिकली. ती उठली स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, तंगुटुरी प्रकाशम हे मद्रास प्रांताचे प्रमुख असताना. म्हणजे तंजावरच्या मराठी राजसभेत आदराने ऐकले गेलेले काव्य सुमारे साडेतीन दशके गुन्हा म्हणून कुलूपबंद राहिले.

यापुढचा प्रसंग अधिक गुंतागुंतीचा आहे आणि तो प्रामाणिकपणे सांगायचा तर दोन्ही बाजू पाहणे भाग आहे. १९२७ मध्ये डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी मद्रास कायदेमंडळाच्या पहिल्या स्त्री सदस्य झाल्या आणि त्याच वर्षी त्यांनी मुलींना देवाला वाहण्याची प्रथा बंद करावी असा ठराव मांडला. त्या परक्या नव्हत्या. त्यांची आई याच समाजातील होती. त्यांच्या ठरावाला उत्तर म्हणून मद्रास इलाख्यातील देवदासींनी संघटना उभारून सरकारला निवेदन दिले. नागरत्नम्मा त्या चळवळीत अग्रभागी होत्या. संपूर्ण व्यवसायाने एकत्र येऊन लेखी स्वरूपात केलेले असे आत्मसमर्थन भारताच्या इतिहासात विरळाच आढळेल.

त्या निवेदनाचे म्हणणे थोडक्यात असे होते. देवदासी आणि वेश्या हे दोन शब्द एकाच अर्थाचे नाहीत. काही जणींच्या वर्तनावरून सर्वांना एक नाव देणे अन्यायाचे आहे. मंदिरसेवेला शैव आगमांचा आधार आहे. कायदा करणाऱ्यांनी ज्यांच्यासाठी कायदा करायचा त्यांनाच विचारलेले नाही. सुधारणा करायची असेल तर आम्हांला धर्माचे, साहित्याचे आणि कलेचे शिक्षण द्या; आमचे पूर्वीचे स्थान आम्ही स्वतः परत मिळवू.

या निवेदनातील शेवटची मागणी आजही विचार करायला लावते. त्यांनी दया मागितली नाही, शाळा मागितली. परंतु त्याच निवेदनात समर्थनाच्या मार्गातील एक सापळाही दिसतो. विचारणारा ज्या भाषेत विचारतो त्याच भाषेत उत्तर द्यावे लागते. सुधारक शील आणि पावित्र्य यांच्या भाषेत बोलत होते; म्हणून देवदासींनीही आपले पावित्र्य सिद्ध करण्याचा प्रयत्न केला. ‘आम्ही तशा नाही, तशा त्या दुसऱ्या’ असे म्हणण्याची पाळी त्यांच्यावर आली. मुद्दुपळणीने आपली विद्या सांगितली होती; तिच्या वारसदारांना आपले चारित्र्य सांगावे लागले. आपल्या व्यवसायाचे समर्थन करताना माणूस नकळत आपल्याहून खालच्या पायरीवर दुसऱ्या कोणाला तरी बसवितो, हा त्या सापळ्याचा स्वभाव आहे.

आता दुसरी बाजू. त्याच तंजावर जिल्ह्यात, मायवरमजवळच्या मूवलूर गावात, रामामिर्तम अम्मैयार वाढल्या. त्यांचा जन्म १८८३ चा. बालपणीच त्यांना एका देवदासी घराच्या स्वाधीन करण्यात आले होते. त्यांनी त्या जीवनातून स्वतःला सोडविले, प्रथम काँग्रेसच्या आणि नंतर स्वाभिमान चळवळीच्या व्यासपीठावरून या प्रथेविरुद्ध आयुष्यभर झुंज दिली आणि १९३६ मध्ये त्याच विषयावर कादंबरी प्रसिद्ध केली. कलेच्या आणि आगमांच्या आड एका लहान मुलीची फरफट लपविली जाते, हे त्या पोटतिडकीने सांगत. कारण ते त्यांनी भोगले होते.

शिवाय पोटाचा प्रश्न होता. मंदिराच्या इनाम जमिनी सेवेच्या अटीवर दिलेल्या असत. घरातील एखादी मुलगी सेवेस वाहिली तरच जमीन घराकडे राही. सेवा सोडली की जमीन जाई. अशा व्यवस्थेत ‘ती स्वखुशीने हा व्यवसाय करते’ या वाक्याला काय अर्थ उरतो? डॉ. रेड्डी यांच्या प्रयत्नाने १९२९ मध्ये जो कायदा झाला त्याने या जमिनी सेवेच्या अटीतून मोकळ्या केल्या. मुलगी वाहिली नाही तरी जमीन राहणार, हा त्याचा आशय. पुढे १९४७ मध्ये मद्रास प्रांतात मुली वाहण्याच्या प्रथेवरच कायद्याने बंदी आली. देवदासींची संघटना या लढ्यात हरली. आणि मूवलूर रामामिर्तम यांच्यासारख्या स्त्रियांच्या दृष्टीने पाहिले तर ती हार आवश्यक होती.

मग कोण बरोबर होते? येथे एक भेद करणे उपयोगी ठरते. व्यवस्थेकडे समर्थन मागणे वेगळे आणि माणसाकडे समर्थन मागणे वेगळे. ज्या व्यवसायात शिरण्याची वाट जन्माने ठरते आणि बाहेर पडण्याची वाट उपासमारीने बंद होते, त्या व्यवस्थेला जाब विचारलाच पाहिजे. मूवलूरच्या स्त्रीने तो विचारला. पण त्या व्यवस्थेत राहूनही जिने विद्या मिळविली, कला जोपासली आणि कष्टाने पोट भरले, तिला सभेत उभे करून ‘तू प्रतिष्ठित कशी?’ असे विचारण्याचा अधिकार कोणालाही नाही. त्या वेळच्या समाजाने हे दोन प्रश्न एकत्र कालविले. परिणाम असा झाला, की प्रथा गेली ते बरे झाले. पण तिच्याबरोबर शेकडो स्त्रियांची उपजीविका आणि विद्येवरचा त्यांचा हक्कही गेला. १९३२ मध्ये मद्रासच्या वृत्तपत्रांत याच नृत्यावर मोठा वाद झाला. त्यानंतर काही वर्षांतच ‘सादिर’ हे जुने नाव मागे पडून ‘भरतनाट्यम’ हे नाव रूढ झाले, रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९३५ मध्ये रंगमंचावर पदार्पण केले आणि सुशिक्षित घरांतील मुली ते शिकू लागल्या. शिकविणारे गुरू मात्र तंजावर परिसरातीलच, त्या चार बंधूंच्या परंपरेतील होते. कला तीच राहिली. ती करणाऱ्या स्त्रिया बदलल्या आणि नव्या स्त्रियांना समर्थनाची गरज पडली नाही.

जुन्या घराण्यांतून फारच थोड्या जणी रंगमंचावर टिकल्या. त्यांत अग्रगण्य टी. बालसरस्वती. त्यांचे घराणे तंजावर दरबारातील नर्तकी पापम्माळ यांच्यापर्यंत पोहोचते. आजी वीणा धनम्माळ या दक्षिणेतील थोर वीणावादक. १९२५ मध्ये वयाच्या सातव्या वर्षी बालसरस्वतींनी पहिले नृत्य सादर केले. शृंगाराला नृत्यातून वगळून ते ‘शुद्ध’ करावे, हे मत त्यांना कधीच मान्य झाले नाही. त्या वाद घालीत बसल्या नाहीत. आपल्या आजीकडून आलेली पदे तशीच नाचत राहिल्या. १९५७ मध्ये पद्मभूषण आणि १९७७ मध्ये पद्मविभूषण त्यांच्याकडे चालत आले. हातच्या काकणाला आरसा कशाला, ही मराठी म्हण त्यांच्या बाबतीत खरी ठरली.

नागरत्नम्मांचे तिसरे उत्तर मात्र तंजावरच्या मातीत उभे आहे. तंजावरच्या उत्तरेस काही किलोमीटरवर कावेरीकाठी तिरुवय्यारू येथे १८४७ मध्ये त्यागराजांनी देह ठेवला. त्यांची समाधी दुर्लक्षित झाल्याचे कळताच नागरत्नम्मांनी स्वतःची मिळकत खर्ची घालून ती जागा मिळविली. १९२१ मध्ये बांधकाम सुरू झाले आणि १९२५ मध्ये मंदिराची प्रतिष्ठा झाली. हे सारे धन त्यांनी त्याच व्यवसायात कमावलेले होते, ज्याचे समर्थन त्यांना दोन वर्षांनी सरकारदरबारी करावे लागणार होते.

आश्चर्य असे, की ज्या समाधीचे मंदिर त्यांनी बांधले तेथील आराधनेत गाण्याची स्त्रियांना मुभा नव्हती. उत्सव करणारे पुरुषांचे दोन गट आपापसांत भांडत होते. पण स्त्रियांनी गाऊ नये याविषयी त्यांचे एकमत होते. नागरत्नम्मांनी स्त्रियांचा तिसरा गट उभा केला आणि समाधीच्या मागच्या बाजूस त्यांचे गायन सुरू केले. १९४० च्या सुमारास तिन्ही गट एकत्र आले आणि स्त्रियांना आराधनेत स्थान मिळाले. पुढे नागरत्नम्मांनी तिरुवय्यारूतच वास्तव्य केले. १९५२ मध्ये त्यांचे निधन झाले. समाधीसमोर, हात जोडून बसलेली त्यांची मूर्ती आज तेथे आहे. दरवर्षी पुष्य महिन्यातील कृष्ण पंचमीला शेकडो गायक-वादक तेथे एकत्र बसून त्यागराजांच्या पंचरत्न कृती गातात. त्यांत स्त्रिया आणि पुरुष शेजारीशेजारी असतात. तेथे कोणी कोणाला व्यवसाय विचारीत नाही.

हा इतिहास तमिळनाडूपुरता नाही. त्याच दशकांत गोव्यात आणि मुंबईत कलावंत घराण्यांनी आपला मार्ग शोधला. राजाराम पैंगीणकर यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी गोमंतक मराठा समाजाची चळवळ उभी केली आणि शिक्षणाच्या बळावर एक संपूर्ण समाज नव्या व्यवसायांत शिरला. पैंगीणकरांच्या आत्मचरित्राचे नाव ‘मी कोण?’ असे आहे; अठराव्या शतकातील मुद्दुपळणीला हा प्रश्न पडला नसता आणि १९२७ च्या नागरत्नम्मांना तो टाळता आला नसता. महाराष्ट्रात हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या. खासगी बैठकीतील गाणे त्यांनी सभागृहात आणले, आणि गायिकेने कोणापुढे गावे हा निर्णय यजमानाच्या हातून काढून तिकीट घेणाऱ्या सामान्य श्रोत्याच्या हाती दिला. तो श्रोता गायिकेचे कुळ विचारीत नव्हता. सूर लागला की नाही एवढेच पाहत होता. तंजावरची जी जाणकारांची सभा १८५५ मध्ये मोडली, ती वेगळ्या रूपात मराठी सभागृहात पुन्हा भरली असे म्हणता येईल.

या साऱ्यातून शाळेने आणि पालकांनी काय घ्यावे? तीन गोष्टी ठळकपणे पुढे येतात. पहिली अशी, की समर्थनाची गरज कामाच्या योग्यतेवरून ठरत नाही. ती विचारणाऱ्याच्या अज्ञानावरून ठरते. ज्या समाजाला एखाद्या कामाची पारख नसते तो समाज त्या कामाचा हिशेब मागतो. म्हणून मुलांना निरनिराळ्या कामांची पारख शिकविणे हे शाळेचे कर्तव्य आहे. कुंभाराचे चाक, नाटकाचा पडदा, दवाखान्यातील परिचारिकेची रात्रपाळी, नाला साफ करणाऱ्याची जोखीम, यांतील कौशल्य ज्याने जवळून पाहिले तो मोठेपणी कोणालाही ‘हे का करतोस?’ असे आरोपाच्या सुरात विचारणार नाही.

दुसरी गोष्ट, ज्या व्यवसायांची दारे आतून किंवा बाहेरून बंद आहेत त्यांची चौकशी करण्यास मागेपुढे पाहू नये. आईबापांचे काम मुलाने सक्तीने करावे, अथवा मुलाला त्या कामापासून जातीच्या नावाने दूर ठेवावे, या दोन्ही गोष्टी सारख्याच घातक आहेत. ही चौकशी करताना ज्याच्या पायात बेडी आहे त्याच्याकडे बोट न दाखविता बेडीकडे दाखवावे. डॉ. रेड्डी यांच्या १९२९ च्या कायद्याचे मोल यातच आहे. त्याने स्त्रीला दोष दिला नाही, जमिनीची अट काढून टाकली.

तिसरी गोष्ट पालकांसाठी. मुलाने निवडलेल्या वाटेचे समर्थन नातेवाइकांपुढे करण्याची पाळी पुष्कळ आईवडिलांवर येते. त्या वेळी ‘पगार चांगला आहे’, ‘पुढे मोठा होईल’, ‘तसल्या लोकांत तो मिसळत नाही’ अशी वाक्ये सहज तोंडी येतात. १९२७ च्या निवेदनातील सापळा तो हाच. त्याऐवजी मुद्दुपळणीची रीत धरावी. काम कोणते, ते कोणाकडून शिकले आणि ते किती मनापासून केले जाते, एवढेच सांगावे. ऐकणाऱ्याला ते पुरेसे वाटले नाही, तर उणीव सांगणाऱ्याची नव्हे.

साठ वर्षांत या शाळेच्या हजेरीपटावर हजारो नावे चढली. हजेरी घेताना शिक्षकांनी केवळ नाव उच्चारले आणि विद्यार्थ्याने ‘हजर’ म्हटले. त्याहून अधिक पुरावा कधी मागितला गेला नाही. राजराजाच्या शिलालेखातील चारशे नावांनाही तेवढेच पुरले होते. शाळेबाहेरच्या जगातही प्रत्येकाला आपल्या कामाच्या जागी तशाच निःशंकपणे ‘हजर’ म्हणता यावे, अशी इच्छा या महोत्सवाच्या प्रसंगी व्यक्त करणे उचित होईल.